पृथ्वी मोजणारा विल्यम लॅम्बटन

गोंदिया शहरापासून जवळच बिरसी नावाचे एक लहानसे गाव आहे. भोवताली धानाची शेते, मधूनमधून पाण्याने भरलेले तलाव, आणि गावाला लागून एक विमानतळ. येथील धावपट्टी १९४० साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली गेली. या धावपट्टीवर उतरणाऱ्या वैमानिकाला दोन गोष्टी अचूक ठाऊक असाव्या लागतात : हे ठिकाण कोणत्या अक्षांश-रेखांशावर आहे आणि ते समुद्रसपाटीपासून किती उंच आहे. बिरसीची उंची सुमारे ३०० मीटर आहे. नकाशावर हा आकडा आपण सहज वाचतो. परंतु बिरसीहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. येथून न दिसणाऱ्या समुद्रापासून या भूमीची उंची सांगण्याची विद्या आली कोठून? भारताची भूमी अशी काटेकोरपणे मोजण्यास प्रारंभ कोणी केला?

या प्रश्नाचा मागोवा घेत गेलो, की आपण सव्वादोनशे वर्षे मागे जातो आणि एका अबोल, चिकाटीच्या माणसापाशी येऊन थांबतो. त्याचे नाव विल्यम लॅम्बटन. त्याचा जन्म सातासमुद्रापलीकडे झाला. पण त्याने अखेरचा श्वास घेतला तो आपल्या विदर्भात, हिंगणघाट येथे.

लॅम्बटनचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात १७५३ च्या सुमारास झाला. घरची स्थिती बेताची होती. मात्र मुलाला गणिताची विलक्षण आवड होती. मोठेपणी तो सैन्यात शिरला आणि अमेरिकेतील युद्धावर गेला. तेथे इंग्रजांचा पराभव झाला व लॅम्बटन काही काळ शत्रूच्या कैदेत पडला. सुटका झाल्यावर कॅनडातील न्यू ब्रन्स्विक प्रांतात त्याला एक साधीशी नोकरी मिळाली. तेथे त्याची तब्बल १३ वर्षे गेली. दुसरा एखादा असता तर आपल्या नशिबाला बोल लावीत बसला असता. लॅम्बटनने हा काळ पुस्तकांच्या संगतीत घालविला. जमिनीची मोजणी, गणित आणि ज्योतिष या विषयांचा त्याने एकट्याने अभ्यास केला. एकदा सूर्यग्रहण पाहताना पुरेशी काळजी न घेतल्यामुळे त्याचा डावा डोळा अधू झाला. पुढे ज्याला आयुष्यभर दुर्बिणीतून पाहावयाचे होते, त्याच्यावर हा केवढा आघात! परंतु उरलेल्या एका डोळ्याने त्याने जे पाहिले, ते दोन डोळ्यांच्या लोकांनाही दिसले नव्हते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस लॅम्बटन आपल्या पलटणीबरोबर भारतात आला. त्या वेळी त्याने चाळिशी ओलांडली होती. १७९९ साली इंग्रजांचे टिपू सुलतानाशी युद्ध चालू असताना एका रात्री सैन्याची एक तुकडी अंधारातून वाटचाल करीत होती. दक्षिणेकडे जात आहोत, अशी सेनापतीची समजूत होती. लॅम्बटनने आकाशाकडे पाहिले. तारे काही निराळेच सांगत होते! तुकडी उत्तरेकडे, थेट शत्रूच्या दिशेने चालली होती. त्याने ही गोष्ट सेनापतीच्या कानांवर घातली. होकायंत्राने त्याच्या म्हणण्यास दुजोरा दिला आणि तुकडी वेळीच मागे वळली.

या युद्धात टिपू धारातीर्थी पडला आणि दक्षिणेतील फार मोठा मुलूख इंग्रजांच्या प्रभावाखाली गेला. राज्य करावयाचे तर भूमीची नेमकी माहिती हवी. म्हणून कंपनी सरकारला नकाशे हवे होते. लॅम्बटनची दृष्टी मात्र याहून दूरवर पोहोचली होती. मद्रासपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत साऱ्या द्वीपकल्पाची अचूक मोजणी करावी आणि त्याबरोबरच पृथ्वीचा खरा आकार शोधून काढावा, असा त्याचा बेत होता. अधिकाऱ्यांना तो चमत्कारिक वाटला. असे सांगतात की, श्रीरंगपट्टणला जावयाचे झाले तर पालखीच्या भोयांना तसे सांगितले म्हणजे झाले, त्यासाठी तारे मोजण्याची गरज काय, अशी थट्टाही एका अधिकाऱ्याने केली. परंतु अखेर लॅम्बटनला परवानगी मिळाली.

आता साधने हवी होती. त्याला शंभर फूट लांबीची एक पोलादी साखळी मिळाली. तिची कथाही मोठी गमतीची आहे. ही साखळी इंग्रज वकिलाने चीनच्या बादशहास नजराणा म्हणून नेली होती. बादशहाने ती स्वीकारली नाही, म्हणून ती फिरत फिरत भारतात आली. कोन मोजण्याचे मोठे यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, इंग्लंडमधून मागविण्यात आले. त्याचे वजन सुमारे अर्धा टन होते. ते आणणारे जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडले आणि यंत्र मॉरिशस बेटावर नेले. त्या काळी फ्रान्स आणि इंग्लंड यांचे हाडवैर होते. तरीही हे यंत्र ज्ञानाच्या कामासाठी आहे असे कळताच तेथील फ्रेंच गव्हर्नराने ते मद्रासला पाठवून दिले. शस्त्रांनी दुरावलेल्या देशांनाही विज्ञान जवळ आणते, ते असे.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस टेकडीच्या परिसरात मोजणीस आरंभ झाला. प्रथम सपाट जमिनीवर सुमारे साडेसात मैलांची, म्हणजे १२ किलोमीटरांची, एक सरळ रेषा मोजावयाची होती. हिला पायारेषा म्हणतात. चैत्र-वैशाखाचे ते ऊन! उन्हाने पोलाद प्रसरण पावते आणि साखळी केसभर लांब होते. तेवढ्यानेही हिशेब चुकेल. म्हणून साखळीवर तंबूची सावली धरण्यात येई आणि तिच्याजवळ उष्णतामापके ठेवण्यात येत. साखळी उचलावयाची, पुढे मांडावयाची, पुन्हा उचलावयाची, असे चारशे वेळा करावे लागले. एवढीशी रेषा मोजण्यास ५७ दिवस लागले. पाया पक्का असला म्हणजेच इमारत टिकते, हे लॅम्बटन जाणून होता.

पायारेषा मोजून झाली, की पुढे साखळीची गरज फारशी राहत नाही. पायारेषेच्या एका टोकाशी थिओडोलाइट उभे करावयाचे आणि दूरच्या डोंगरावरील निशाणाकडे पाहून कोन मोजावयाचा. नंतर दुसऱ्या टोकाशी जाऊन त्याच निशाणाचा कोन मोजावयाचा. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले, म्हणजे उरलेल्या दोन्ही बाजू गणिताने काढता येतात. मग यांपैकी एक बाजू हीच नव्या त्रिकोणाची पायारेषा होते. अशा रीतीने एका त्रिकोणाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा जोडीत नद्या, दऱ्या आणि अरण्ये ओलांडून जाता येते. दूर दिसणाऱ्या शिखराची उंचीही याच युक्तीने, त्याच्यावर पाऊल न ठेवता काढता येते.

ही त्रिकोणांची माळ गुंफीत लॅम्बटन पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यावरील मंगळूरपर्यंत गेला. तेव्हा एक आश्चर्य उघडकीस आले. जुन्या नकाशांत द्वीपकल्पाची रुंदी येथे सुमारे ४०० मैल दाखविली होती. प्रत्यक्षात ती ३६० मैलच भरली. चाळीस मैल भूमी केवळ कागदावर होती! त्याची थट्टा करणाऱ्यांना याहून चांगले उत्तर कोणते मिळणार?

यानंतर लॅम्बटनने आपले खरे काम हाती घेतले. ७८ व्या रेखांशाच्या आसपास दक्षिणेपासून उत्तरेकडे त्याला एक लांबच लांब रेषा मोजावयाची होती. तिचा संबंध पृथ्वीच्या ध्रुवांशी होता. पृथ्वी अगदी चेंडूसारखी गोल असती, तर एका अक्षांशापासून पुढच्या अक्षांशापर्यंतचे अंतर सर्वत्र सारखेच भरले असते. परंतु पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असावी, असे न्यूटनने गणिताने दाखविले होते. चपट्या भागाची वक्रता कमी. म्हणून तेथे ताऱ्याची उंची एका अंशाने बदलण्यासाठी अधिक अंतर चालावे लागते. १७३५ नंतर फ्रेंच शास्त्रज्ञांनी उत्तर ध्रुवाकडील लॅपलँडच्या बर्फात आणि विषुववृत्तावरील दक्षिण अमेरिकेच्या पर्वतांत मोजणी करून न्यूटनचे म्हणणे खरे ठरविले. पण पृथ्वी नेमकी किती चपटी आहे? हे ठरविण्यासाठी निरनिराळ्या प्रदेशांतील लांब रेषा मोजणे अवश्य होते. भारतासारखा विस्तीर्ण देश त्यासाठी फार सोयीचा होता. आज आपणांस ठाऊक आहे की, पृथ्वीची विषुववृत्तावरील त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवाकडील सुमारे ६,३५७ किलोमीटर आहे. हा एकवीस किलोमीटरांचा फरक शोधण्यासाठी लॅम्बटनने उरलेले सारे आयुष्य वेचले.

हे काम सोपे नव्हते. उंच ठिकाणांवरून निशाणे दिसत. पण कावेरीच्या सपाट मुलुखात डोंगर आणावा कोठून? तेथे मंदिरांच्या उंच शिखरांचा उपयोग करावा लागला. १८०८ साली तंजावरच्या भव्य मंदिरावर ते अवजड यंत्र चढविले जात असता एक दोर अकस्मात तुटला. यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे मोठे वर्तुळ वेडेवाकडे झाले. पाहणाऱ्यांच्या काळजाचा ठोका चुकला. सहा वर्षांचे काम आता येथेच थांबणार, असे सर्वांना वाटले. लॅम्बटन कोणावर रागावला नाही. त्याने दुसरे यंत्र विलायतेहून मागविण्याची व्यवस्था केली आणि मोडलेले यंत्र घेऊन तो स्वतः एका तंबूत जाऊन बसला. वर्तुळाचा वाकलेला भाग हळूहळू, केसाकेसाने मूळच्या जागी आणण्यात त्याने सहा आठवडे घालविले. अखेर यंत्र पुन्हा कामास लागले.

ऊन, पाऊस, हिवताप आणि वन्य पशू ही संकटे तर रोजचीच होती. ती केवळ साहेबांनाच सोसावी लागली असे नाही. यंत्रे वाहून नेणारे हमाल, डोंगरमाथ्यावर निशाण धरून उभे राहणारे खलाशी, झाडे तोडून वाट करणारे मजूर हे सारे येथील लोक होते. त्यांच्यापैकी कितीतरी जण तापाने जंगलातच दगावले. इतिहासाने त्यांची नावे टिपून ठेवली नाहीत. परंतु त्यांच्या खांद्यांवरूनच ही मोजणी पुढे गेली, हे आपण विसरता कामा नये.

हळूहळू लॅम्बटनची कीर्ती पसरली. १८१७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला आपला सभासद करून घेतले. १८१८ साली या कामास भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी असे नाव मिळाले. त्याच वर्षी जॉर्ज एव्हरेस्ट नावाचा २८ वर्षांचा तरुण अधिकारी हैदराबादेस त्याच्या हाताखाली रुजू झाला. लॅम्बटन आता साठीच्या पलीकडे गेला होता आणि प्रकृतीने खचला होता. परंतु हा म्हातारा थिओडोलाइटपाशी उभा राहिला, की त्याच्या अंगात तरुणाचे बळ संचारते, हे पाहून एव्हरेस्ट थक्क होई.

कन्याकुमारीच्या परिसरातून निघालेली रेषा कर्नाटक आणि तेलंगण ओलांडून विदर्भाच्या वाटेवर आली होती. एक लाख पासष्ट हजार चौरस मैलांहून अधिक मुलूख मोजून झाला होता. कामाचे ठाणे हैदराबादेहून नागपूरला हलवावे, असे लॅम्बटनने ठरविले. त्याला जुनाट खोकला जडला होता आणि देह क्षीण झाला होता. तरीही तो आपल्या माणसांबरोबर निघाला. वणा नदीच्या काठी हिंगणघाटास तळ पडला. नागपूर आता काही मजलांवरच होते. पण ते गाठणे त्याच्या नशिबी नव्हते. २० जानेवारी १८२३ रोजी त्याच तळावर त्याचे निधन झाले. त्या वेळी तो सत्तरीच्या घरात होता. तेथेच त्याला मूठमाती देण्यात आली.

रेषा मात्र थांबली नाही. एव्हरेस्टने ती पुढे नेली. उत्तरेच्या सपाट मैदानात त्याने उंच मनोरे बांधविले आणि १८४१ पर्यंत ती हिमालयाच्या पायथ्याशी आणून पोहोचविली. तिची लांबी सुमारे २,४०० किलोमीटर भरली. आता जगातील सर्वांत उंच पर्वतांची उंची मोजता येणार होती. एव्हरेस्ट १८४३ साली निवृत्त होऊन मायदेशी परतला आणि त्याच्या जागी अँड्र्यू वॉ आला. नेपाळात शिरण्यास मोजणीदारांना बंदी होती. म्हणून शंभराहून अधिक मैलांवरून, बिहारच्या मैदानातून, हिमशिखरांचे कोन मोजण्यात आले. शिखरांची स्थानिक नावे कळेनात, तेव्हा त्यांना केवळ क्रमांक देण्यात आले. त्यांपैकी पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची उंची काढण्याच्या कामी राधानाथ सिकदर या थोर बंगाली गणितज्ञाचा मोठा हात होता. १८५६ साली वॉने ती २९,००२ फूट, म्हणजे सुमारे ८,८४० मीटर, अशी जाहीर केली. हेच जगातील सर्वोच्च शिखर! २०२० साली नेपाळ आणि चीन यांनी आधुनिक साधनांनी मोजून जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. दोहोंत केवळ सुमारे नऊ मीटरांचा फरक आहे. हिंगणघाटास विसावलेल्या म्हाताऱ्याने पाया किती पक्का घातला होता, याची साक्ष हा आकडा देतो.

आता या शिखरास नाव काय द्यावयाचे? पर्वतांना नावे देण्याचा प्रश्न सर्वत्र सारखा नसतो. दक्षिण ध्रुवाभोवतीच्या अंटार्क्टिका खंडाचे उदाहरण घ्या. तेथे माणसांची वस्ती कधीच नव्हती; त्यामुळे तेथील शिखरांना जुनी नावे असणे शक्यच नव्हते. १९११ साली ध्रुवाकडे जाताना अमुंडसेनने वाटेतील पर्वतांना आपल्या नॉर्वेच्या राणीचे, मॉडचे, नाव दिले आणि एका उंच शिखरास आपला आदर्श असलेल्या नान्सेनचे. त्या खंडावरील सर्वोच्च शिखर व्हिन्सन हे ४,८९२ मीटर उंच असून त्याला व्हिन्सन या अमेरिकन लोकप्रतिनिधीचे नाव मिळाले आहे. हिमालयाची गोष्ट वेगळी होती. त्याच्या कुशीत माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. तिबेटातील लोक त्या सर्वोच्च शिखराला फार पूर्वीपासून चोमोलुंग्मा म्हणत. परंतु सर्वमान्य असे स्थानिक नाव आढळत नाही, असे सांगून वॉने आपल्या गुरूचे, एव्हरेस्टचे, नाव सुचविले. स्वतः एव्हरेस्टला हे रुचले नाही. ठिकाणांची मूळ नावेच राखावी, असा त्याचा नेहमीचा दंडक होता, आणि आपले नाव भारतातील लोकांना नीट लिहिता-उच्चारता येणार नाही, असेही त्याचे म्हणणे होते. तरीही १८६५ साली लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने तेच नाव कायम केले. विसाव्या शतकात नेपाळने त्याच शिखरास सगरमाथा हे नाव दिले. एका पर्वताला तीन नावे. आणि त्यांपैकी जगभर गाजलेले नाव अशा माणसाचे, की ज्याने ते शिखर कधी पाहिल्याची नोंद नाही!

लॅम्बटनच्या नावाचे असे कोणतेही महान शिखर हिमालयात नाही. शिष्याचे नाव जगातील प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे. गुरूचे नाव फार थोड्यांच्या ओठी येते. सिकदरांच्या वाट्यालाही शिखर आले नाही. निशाण धरून उभ्या राहिलेल्या खलाशांना तर इतिहासात एक ओळही मिळाली नाही. परंतु लॅम्बटनने नावासाठी काम केलेच नव्हते. साखळी केसभरही ढळू नये, एवढीच त्याची चिंता होती. पर्वताला दिलेले नाव माणसे बदलू शकतात. अचूक केलेले काम मात्र पुढच्या प्रत्येक कामात मिसळून जाते आणि टिकून राहते.

कधी नागपूरहून हिंगणघाटच्या बाजूस जाण्याचा योग आला, तर वणा नदीच्या काठी क्षणभर थांबा. सभोवार सपाट शेते दिसतील. उंच पर्वत कोठेही दिसणार नाही. तरीही जगातील सर्वोच्च शिखराकडे जाणाऱ्या वाटेवरचा एक मोठा मुक्काम याच मातीत झाला होता, याची आठवण ठेवा.